जहाजाच्या तळातली माणसं



स्मृतिव्याख्यान द्यायला उभं राहताना, ज्यांची स्मृती कुणी जपली नाही अशा माणसांबद्दल बोलावं, असं मला फार दिवस वाटत आलं आहे. ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांनाही ते रुचलं असतं. म्हणून आज मी पहिल्या महायुद्धात बुडालेल्या बोटींविषयी बोलणार आहे. या बोटींच्या कप्तानांवर, त्यांतल्या लॉर्डांवर आणि त्यांतल्या जडजवाहिरावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी बोलणार आहे ते त्यांच्या तळाशी, भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसांविषयी. त्यांतली कितीतरी माणसं आपल्या या किनाऱ्यावरची होती.

सुरुवात आपल्याच समुद्रापासून करू. २३ जून १९१७. पावसाळ्याचे दिवस. लंडनहून निघालेली पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीची 'मंगोलिया' ही साडेनऊ हजार टनांची आगबोट मुंबईच्या टप्प्यात आली होती. लंडनपासूनचा पाणबुड्यांनी भरलेला सगळा धोक्याचा मार्ग तिने पार केला होता. मुंबई सुमारे पन्नास सागरी मैल उरली असताना, म्हणजे साधारण मुरुड-श्रीवर्धनच्या समोर, बाहेरच्या खोल पाण्यात ती पाणसुरुंगावर गेली आणि बुडाली. तेवीस जीव गेले.

'रामदास' बोट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडात आजही असं गाव शोधावं लागेल की जिथे तिची आठवण निघत नाही. पण तिच्या तीस वर्षं आधी, त्याच किनाऱ्यासमोर, युद्धाच्या सुरुंगाने बुडालेल्या 'मंगोलिया'चं नाव इथे किती जणांनी ऐकलं आहे? हात वर करायला सांगत नाही. उत्तर मला ठाऊक आहे, कारण मी हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी विचारला आहे.

तो सुरुंग आपल्या समुद्रात आला कसा, हे सांगितलं पाहिजे. जर्मनीच्या हान्सा कंपनीची 'वाखटफेल्स' नावाची एक साधी मालवाहू बोट होती. युद्धात तिच्यावर तोफा बसवल्या, त्या झाकून ठेवल्या आणि तिचं नाव 'वुल्फ' ठेवलं. कप्तान कार्ल आउगुस्ट नेर्गर. पोटात साडेचारशेहून अधिक सुरुंग आणि सोबत पाण्यावर उतरणारं एक छोटं विमान. ३० नोव्हेंबर १९१६ ला ती कील बंदरातून निघाली. आफ्रिकेच्या टोकाशी केपटाऊनजवळ तिने सुरुंग पेरले, कोलंबोसमोर पेरले, आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईसमोर पेरले. दिसायला ती इतर मालवाहू बोटींसारखीच होती, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. तिथून ती निघून गेली. मुंबईच्या वाटेवर माणसं मरू लागली तेव्हा 'वुल्फ' पार न्यूझीलंडच्या बाजूला पॅसिफिकमध्ये होती. ११ जूनला 'सिटी ऑफ एक्झेटर'ला सुरुंग लागला. ती कशीबशी बंदरात पोचली. १६ तारखेला जपानी 'उनकाई मारू' गेली, दुसऱ्या दिवशी 'क्रॉक्सटेथ हॉल', मग 'मंगोलिया', जुलैच्या अखेरीस 'ओखला'. एका बोटीने चार महिन्यांपूर्वी रात्रीच्या अंधारात केलेलं काम पावसाळाभर माणसं गिळत राहिलं.

नेर्गर एकाही बंदरात न शिरता ४५१ दिवस समुद्रावर राहिला आणि फेब्रुवारी १९१८ मध्ये कीलला परतला. जर्मनीत त्याचा मोठा गौरव झाला. पकडलेल्या बोटींवरच्या लोकांना त्याने बरं वागवलं असंही सांगतात. मला त्याच्या दर्यावर्दीपणाबद्दल आदर आहे. पण सुरुंग पेरणाऱ्याच्या माणुसकीला मर्यादा असते. कैदी समोर दिसतो, त्याला पाणी द्यावंसं वाटतं. सुरुंगावर कोण येणार आहे हे पेरणाऱ्याला कधीच दिसत नाही.

युद्धाच्या सुरुवातीला समुद्रावरचा कायदा थोडाफार पाळला जात होता. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौका 'एमडेन' बंगालच्या उपसागरात शिरली. तिने एकामागून एक व्यापारी बोटी बुडवल्या, मद्रासच्या तेलटाक्यांवर तोफा डागल्या; पण तिचा कप्तान कार्ल फॉन म्युलर बोट बुडवण्याआधी तिच्यावरच्या माणसांना उतरवून घेत असे. कायदा तोच होता. व्यापारी बोट अडवावी, झडती घ्यावी, माणसांना सुरक्षित जागी हलवावं, मग जे करायचं ते करावं. नोव्हेंबरमध्ये कोकोस बेटांजवळ 'एमडेन'चा शेवट झाला. पाणबुडीच्या युद्धात हा कायदा टिकणं अवघडच होतं, कारण पाणबुडी वर आली की ती दुबळी होते आणि तिच्यात माणसं घ्यायला जागाही नसते. फेब्रुवारी १९१५ मध्ये जर्मनीने ब्रिटनभोवतीचा समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केला. मे महिन्यात 'ल्युसिटानिया' ही प्रवासी बोट गेली. वर्ष संपता संपता 'पर्शिया'ची पाळी आली.

'पर्शिया' मुंबईला यायला निघालेली बोट. ३० डिसेंबर १९१५ च्या दुपारी, क्रीटच्या दक्षिणेला, प्रवासी जेवणाच्या टेबलांवर बसलेले असताना माक्स व्हालेंटिनरच्या 'यू-३८' या पाणबुडीने कसलाही इशारा न देता तिच्यावर टॉर्पेडो सोडला. पाठोपाठ बॉयलर फुटला. अवघ्या काही मिनिटांत बोट तळाला गेली. तिच्यावर ५१९ माणसं होती, त्यांतली ३४३ गेली.

'पर्शिया'विषयी आज काही वाचायला गेलात तर काय सापडतं? कपूरथळ्याचे महाराजा जगतजितसिंग मार्सेलला उतरून गेले म्हणून वाचले, पण त्यांचं जवाहीर बोटीतच राहिलं, ही कथा सापडते. ब्यूलीचे लॉर्ड माँटेग्यू बुडता बुडता कसे वाचले हे सापडतं. त्यांची सचिव एलेनॉर थॉर्नटन त्यांच्यासोबत होती, ती बुडाली. रोल्स रॉइस गाडीच्या तोंडावरच्या त्या सुप्रसिद्ध मूर्तीमागची प्रेरणा तीच मानली जाते, हे तर हमखास सापडतं. २००३ मध्ये जवळजवळ तीन हजार मीटर खोल पाण्यात बोटीचे अवशेष सापडले आणि काही माणकं वर काढली, त्याच्या बातम्या झाल्या. थॉर्नटनबाईंचं मरण दुःखदच होतं, त्यांची आठवण राहिली हे चांगलंच झालं. पण त्या ३४३ मध्ये खलाशी होते, आगवाले होते, जेवण वाढणारे गोवेकर होते. त्यांचा उल्लेख सगळीकडे एका शब्दात उरकलेला असतो, 'लास्कर'. लॉर्ड माँटेग्यू ज्या मोडक्या होडीला धरून वाचले तिच्यातही हिंदी खलाशी होते. त्यांची नावं या कथांत येत नाहीत.

आता ही माणसं कोण, ते पाहू. युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी बोटींवर पन्नास हजारांच्या आसपास हिंदी खलाशी होते. म्हणजे दर सहा खलाशांत साधारण एक. मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. बोटींवर कामाची वाटणी जवळजवळ ठरलेली होती. डेकवर आपले कोकणचे आणि गुजरातचे लोक, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले फार. खाली बॉयलरवर बहुतेक पंजाबी आणि पठाण मुसलमान. जेवणघरात, केबिनीत, स्वयंपाकात गोव्याचे ख्रिस्ती. डेकवरच्यांचा मुख्य सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी. सुकाणूवर सुकाणी. सामानाचा कसब, स्वयंपाकाचा भंडारी, झाडलोटीचा टोपास. खाली भट्टीत कोळसा घालणारे आगवाले आणि कोठारातून कोळसा ओढून आणणारे कोळसेवाले. सारंग बहुधा आपल्याच गावची, नात्यातली माणसं भरती करायचा. त्यामुळे एक बोट बुडाली म्हणजे कधी कधी एकाच गावातली पाच-सहा घरं एकदम उघडी पडायची. गोवेकर खलाशी मुंबईत धोबीतलाव परिसरातल्या आपल्या गावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांत, राहून पुढच्या बोटीची वाट बघायचे. भिंतीला लावलेल्या ट्रंका, वर वेदी आणि गावच्या संताची तसबीर, असं त्या कुडाचं रूप होतं.

पगार? गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. झोपायची जागाही कमी, कायद्यानेच कमी. कंपन्या याचं कारण सांगत की हिंदी माणसाच्या गरजा थोड्या. हे कारण मला आजही वाचवत नाही.

आणि आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. टॉर्पेडो किंवा सुरुंग बोटीला कुठे लागतो? पाण्याच्या रेषेखाली. पाण्याच्या रेषेखाली कोण असतं? इंजिनघर, भट्टीघर, कोळशाची कोठारं आणि त्यांत काम करणारी माणसं. पहिल्या वर्गाचा प्रवासी सर्वांत वरच्या डेकवर असतो, होड्या त्याच्या दाराशी टांगलेल्या असतात. आगवाला लोखंडी शिड्यांनी चार-पाच मजले चढून आल्याशिवाय उघड्या आकाशाखाली येत नाही. शिडी तुटलेली असेल, वाफ सुटलेली असेल, जलरोधक दार बंद झालेलं असेल, तर तो येतच नाही. बुडत्या बोटीत माणूस जगतो की मरतो, हे पुष्कळ वेळा तो कुठल्या मजल्यावर होता यावर ठरलं. आणि तो कुठल्या मजल्यावर असणार, हे त्याच्या जन्माने, कातडीने आणि गरिबीने आधीच ठरवलेलं होतं.

याचा ढळढळीत पुरावा 'अरेबिया'चा आहे. ही बोट तुम्हाला दुसऱ्या कारणाने ओळखीची असेल. ९ जानेवारी १९१५ ला गांधीजी दक्षिण आफ्रिकेचं काम आटोपून, इंग्लंडमार्गे मुंबईला परतले ते याच 'अरेबिया'तून. ज्या दिवसाचा आपण प्रवासी भारतीय दिवस करतो, तो दिवस. त्यानंतर बावीस महिन्यांनी, ६ नोव्हेंबर १९१६ ला, ऑस्ट्रेलियाहून लंडनला जाताना ग्रीसच्या दक्षिण टोकाच्या पश्चिमेला, भर समुद्रात तिच्यावर टॉर्पेडो आदळला. चारशेहून अधिक प्रवासी होते, त्यांत बायका आणि मुलं पुष्कळ. सगळे वाचले. एकही प्रवासी दगावला नाही, आणि ते ज्यांनी साधलं त्या लोकांचं कौतुकच केलं पाहिजे. मेले ते अकरा. ते सगळे इंजिनखात्यातले होते.

दुसरं उदाहरण 'मलोजा'चं. तिच्यावर मी जरा अधिक वेळ घेणार आहे. साडेबारा हजार टनांची, कंपनीच्या मोठ्या बोटींपैकी एक. लंडनहून मुंबईला निघाली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी २७ फेब्रुवारी १९१६ ला सकाळी, डोव्हरपासून दोन मैलांवर, किनाऱ्यावरून लोक बघत असताना जर्मन पाणबुडीने टाकलेल्या सुरुंगावर गेली. कप्तानाने बोटीचा वेग मोडावा आणि होड्या उतरवता याव्यात म्हणून इंजिनं उलटी फिरवायला सांगितली. ती फिरली. पण तेवढ्यात इंजिनघरात पाणी शिरलं आणि तिथे पोचून इंजिनं थांबवणं कुणालाच शक्य झालं नाही. बोट एका अंगावर कलत मागे मागे धावत राहिली. धावत्या, कललेल्या बोटीवरून होड्या उतरवता येत नाहीत. मदतीला धावलेली 'एम्प्रेस ऑफ फोर्ट विल्यम' ही बोटही सुरुंगावर जाऊन बुडाली. चोवीस मिनिटांत 'मलोजा' गेली. १५५ जण मेले. त्यांत आपल्याकडचे खलाशी फार होते, आणि पाण्यात पडून जिवंत राहिलेल्यांतलेही कित्येक फेब्रुवारीतल्या त्या गार पाण्याने गेले. रत्नागिरीच्या, वेंगुर्ल्याच्या उबदार पाण्यात पोहायला शिकलेल्या पोराला इंग्लिश खाडीच्या पाण्यात पोहणं कितपत उपयोगी पडणार?

हिंदी खलाशी घाबरट, संकटात होड्या बळकावतात, असा आरोप त्या काळी इंग्रजी वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा होई. युद्धानंतर, मे १९२२ मध्ये, मुंबईला निघालेली 'इजिप्त' दाट धुक्यात फ्रान्सजवळ एका फ्रेंच बोटीशी टकरून बुडाली, तेव्हाही खलाशांच्या नावाने खडे फोडले गेले. चौकशीत कप्तानावरही ठपका आला. ज्या माणसाला बोटीची कवायत शिकवली नाही, हुकूम त्याला समजेल अशा भाषेत दिला नाही, ज्याची होडीतली जागाही नीट ठरवली नाही, त्याने शिस्तीत मरावं अशी अपेक्षा करणं हा अन्याय आहे. भित्रा माणूस टॉर्पेडोच्या काळात पुन्हा बोटीवर चढत नाही. आपले लोक चढत राहिले. एका बोटीतून वाचलेले दुसऱ्या बोटीवर गेले. १९१७ च्या फेब्रुवारीपासून जर्मनीने पाणबुड्यांना पूर्ण मोकळीक दिली. त्या एप्रिलमध्ये दोस्तांच्या आणि तटस्थांच्या मिळून आठ लाख टनांहून अधिक बोटी बुडाल्या. युद्धनौकांच्या पहाऱ्यात बोटींचे तांडे न्यायची पद्धत त्यानंतर सुरू झाली. त्या एप्रिलमध्येही मुंबईच्या गोदीत भरती चालूच होती. पोटासाठी चढले म्हणा, घरच्या कर्जासाठी म्हणा. पण चढले.

युद्ध संपलं तेव्हा मेलेल्या हिंदी खलाशांचा आकडा ३,४२७ सांगितला गेला. सुमारे १,२०० शत्रूच्या कैदेत पडले.

बोट बुडाल्याची बातमी घरी पोचत असेल तेव्हा घरात काय होत असेल? मृतदेह नाही. हिंदूंमध्ये पालाशविधी आहे. पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देतात. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. देह समोर नसतानाही जनाज्याची नमाज पढण्याची मुभा त्यांना आहे. गोव्याच्या चर्चमध्ये मृताच्या नावे मिसा होते. धर्मांनी आपापल्या परीने समुद्रात गेलेल्यांसाठी वाट ठेवली आहे. पण विधी करायला आधी खात्री हवी की तो मेला. 'बेपत्ता' या शब्दाने ती होत नाही. कुणी परदेशी बंदरात उतरला असेल, कुणी जर्मनांच्या कैदेत असेल. खरोखर काही कैदी परतही आले. या आशेवर बायकांनी कुंकू किती वर्षं ठेवलं असेल, हे कुठल्याही सरकारी अहवालात येणार नाही.

स्मारकांत हीच वाटणी पुन्हा दिसते. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी नौदलाचं भव्य स्मारक आहे. वास्तुकार ल्युटेन्सने रचलेलं, १९२८ च्या डिसेंबरात राणी मेरीच्या हस्ते उघडलेलं. समुद्राशिवाय ज्यांना थडगं नाही अशा जवळजवळ बारा हजार जणांची नावं त्यावर कोरली आहेत. त्याच बोटींवर, त्याच क्षणी बुडालेल्या हिंदी खलाशांची नावं तिथे नाहीत. त्यांना वेगळं ठेवलं. बंगाल आणि आसामच्या ८९६ खलाशांसाठी कोलकात्यात हुगळीकाठी हेस्टिंग्ज भागात १९२४ मध्ये लास्कर स्मारक उभं राहिलं. ते लांबूनही दिसतं. आणि मुंबईचं? मुंबईचं स्मारक मस्जिद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दोन हजारांहून अधिक नावं त्याच्या नोंदीत आहेत. मुंबईत जन्म काढलेल्या माणसांना ते ठाऊक नाही. शाळेच्या सहली गेटवे ऑफ इंडियाला जातात, राणीच्या बागेत जातात, तिथे जात नाहीत. कोलकात्याने आपलं स्मारक डोळ्यांसमोर ठेवलं, आपण आपलं विसरून गेलो, असं मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

साम्राज्याच्या युद्धात मेलेल्यांची आठवण स्वतंत्र देशाने का ठेवावी, असा प्रश्न मला विचारला गेला आहे. प्रश्न रास्त आहे. ही माणसं राजासाठी मेली नाहीत, ती कामावर मेली. मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत, रेल्वेत ज्यांनी घाम गाळला त्यांची आठवण आपण ठेवतो ती मालक कोण होता हे बघून नव्हे. आगवाला त्याच रांगेतला कामगार आहे. कोकणातली कितीतरी चिरेबंदी घरं, मशिदीचे कित्येक मिनार, गोव्यातल्या कितीतरी चर्चच्या घंटा खलाशांच्या पगारातून आल्या. त्या पगाराची किंमत काहींनी अशी मोजली.

म्हणून माझी या सभेला विनंती आहे, आणि ती अगदी व्यवहाराची आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी 'बोटीवर' नोकरी केली, त्यांनी घरातली जुनी ट्रंक उघडावी. कप्तानाच्या 'व्हेरी गुड' शेऱ्याचे दाखले, फोटो, मनीऑर्डरच्या पावत्या, जमातीच्या किंवा चर्चच्या वहीतली नोंद, जे काही असेल ते वाळवीच्या आधी बाहेर काढावं आणि त्याची नक्कल जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्यावी. प्राध्यापकांनी मुंबईच्या स्मारकाची नोंदवही मिळवावी. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे प्रत्येकाचं नाव, हुद्दा, बोट आणि तारीख नोंदलेली असते. त्या नावांतून आपल्या तालुक्याची नावं वेगळी काढून ग्रामपंचायतींना कळवावीत. हे काम एका माणसाचं नाही, पण एका जिल्ह्याचं नक्कीच आहे. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेच्या वेळी आपल्या जिल्ह्याची यादी छापून इथे वाटली जावी, एवढी मी आयोजकांकडे मागणी करतो, आणि तिच्या छपाईचा खर्च उचलायला मी आजच तयार आहे.